बार्शी लाईटचा हिशेब आणि मालधक्क्याचा प्रश्न

सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात रेल्वेचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वळणानं जातं. मुंबईची गाडी रोज हवी, आमच्या स्टेशनवर थांबा हवा, डबे वाढवा, हैदराबादला जोडा. २०१७ मध्ये लातूर-मुंबई एक्स्प्रेस बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. आमच्या गाडीत आम्हालाच जागा उरणार नाही, हा त्यांचा राग खोटा नव्हता. शेवटी आठवड्याचे दिवस वाटून घेण्याची तडजोड झाली. पण लातूरची डाळ, बार्शीची ज्वारी, सांगोल्याचं डाळिंब याच रुळांवरून का जात नाही, म्हणून कुणी रेल रोको केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. निवेदनं प्रवासी गाड्यांची, सत्कार प्रवासी गाड्यांचे, आणि हिरवा झेंडाही प्रवासी गाडीलाच.

हे विचित्र अशासाठी की कुर्डुवाडी-बार्शी-लातूरचा हा मार्ग, म्हणजे जुनी बार्शी लाईट रेल्वे, मुळात माणसांसाठी टाकलेलाच नव्हता. तो कापसासाठी, गळिताच्या धान्यासाठी टाकला होता. माणसं त्यात बसली ती नंतर, आणि भरपूर बसली. पण मार्गाचं गणित मांडलं गेलं ते पोत्यांवर आणि गाठींवर.

मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली. ती कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शी एकवीस मैल बाजूला राहिली. बार्शी ही तेव्हा नावाजलेली पेठ. बालाघाटाच्या पलीकडचा, म्हणजे निजामाच्या मुलखातला माल घाट उतरून इथं यायचा, इथल्या अडतीत त्याचा सौदा व्हायचा आणि मग तो बैलगाड्यांवर लादून कुर्डुवाडीला जायचा. त्या स्टेशनाचं तेव्हाचं नावच ‘बार्शी रोड’ होतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यांवर भरलेल्या गाडीचं काय होतं ते या भागात कुणाला सांगायला नको.

१८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आलेला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर या एकवीस मैलांवर अडून बसला. मोठ्या मार्गाला माल पुरवणाऱ्या छोट्या, स्वस्त रेल्वेची कल्पना घेऊन त्यानं वर्षानुवर्षं खटपट केली. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. इंजिनं आणि डबे इकडं पाठवण्याआधी त्यानं इंग्लंडात लीड्सजवळ खास रूळ टाकून त्यांची जाहीर चाचणी घेतली होती. (हाच गृहस्थ पुढं वैमानिकांसाठी हवाई छत्र्या बनवण्याच्या मागं लागला. एका कामात जीव रमेल तर शपथ.)

कॅलथ्रॉपचं खरं डोकं दिसतं ते एका नियमात. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको, मग ते इंजिन असो की मालाचा डबा. भार असा सगळीकडं सारखा वाटला की हलके रूळ पुरतात, पूल हलके चालतात, खर्च आवाक्यात राहतो. चार आसांच्या डब्याचं मालासकट वजन वीस टनांच्या आत बसवायचं, एवढीच मर्यादा. दोन-तीन अडत्यांनी मिळून माल काढला तर असा डबा भरतो. रेल्वेची भूक त्या पेठेच्या ताकदीएवढीच होती, आणि माझ्या लेखी या मार्गाच्या यशाचं निम्मं कारण तिथंच आहे. इंजिन छोटं, डबा छोटा, आणि म्हणून गिऱ्हाईकही छोटं चालत होतं.

मार्ग वाढत गेला. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळे मिळून दोनशे दोन मैल. पंढरपूरनं कंपनीला आषाढी-कार्तिकीची गर्दी दिली, मिरजेनं दक्षिणेची वाट दिली. मिरजेच्या स्टेशनात तर पुढं काही काळ छोट्या, मधल्या आणि मोठ्या अशा तिन्ही मापांचे रूळ एकत्र नांदले. लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानात, म्हणजे हे रूळ दोन राजवटींच्या हद्दी ओलांडत होते. निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, मालावर बसत असे. तरीही लातूरची पेठ या गाडीवर वाढली. आज सोयाबीन आणि तुरीच्या भावासाठी ज्या लातूरकडं सगळा मराठवाडा बघतो, त्या बाजारपेठेच्या वाढीत या अडीच फुटी रुळांचा वाटा मोठा आहे.

बार्शीत कापडगिरण्याही आल्या. लोकमान्य मिल, जयशंकर मिल ही नावं गावात अजून पत्ता सांगायला वापरतात. कापूस जवळ, कोळसा आणि यंत्रं रेल्वेनं आणता येतात, कापड रेल्वेनं पाठवता येतं, एवढ्यावर एका तालुक्याच्या गावात भोंगे वाजू लागले. जिनिंग-प्रेसिंग, तेलघाण्या, डाळमिली यांनी बाकीचं भरून काढलं. तालुक्याच्या गावाला उद्योगाचं गाव म्हणायची वेळ महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आली. बार्शी त्यांतलं एक.

या सगळ्यात एक खोट पहिल्यापासून होती आणि ती कुर्डुवाडीच्या फलाटावर दिसायची. बार्शीहून आलेली कापसाची गाठ तिथं छोट्या डब्यातून उतरायची आणि मोठ्या डब्यात चढायची. मधे काही यंत्र नाही. हमालाची पाठ, डोक्यावरून पाठीवर सोडलेलं गोणपाट, हातात लोखंडी आकडा आणि दोन डब्यांच्या मधे टाकलेली फळी. दोन्ही डब्यांच्या तळाची उंची वेगळी, म्हणून फळी तिरकी. मिरच्यांचं पोतं आलं की शिंका, तेलाचा डबा आला की फळीवर निसरडं, पाऊस आला की सगळंच थांबलेलं. उतरवायची हमाली, चढवायची हमाली, शिवाय फुटलेल्या पोत्याची सांड आणि चोरी वेगळी. मोठा डबा वेळेवर लागला नाही तर माल तिथंच पडून. माप बदललं की माल दोनदा हाताळावा लागतो आणि दोनदा हाताळलेला माल महाग पडतो, हे कुर्डुवाडीच्या हमालांना कुठल्याही अहवालाआधी ठाऊक होतं.

१९५४ मध्ये सरकारनं कंपनी विकत घेतली आणि हा मार्ग मध्य रेल्वेत आला. त्यानंतरची कथा उताराची आहे, ती लांबवण्यात अर्थ नाही. १९४८ पासून एसटी धावू लागली होती, मग ट्रक आले. ट्रक अडतीच्या दारात लागतो आणि मुंबईच्या वखारीत उतरतो. कुर्डुवाडीची फळी त्याला ओलांडावी लागत नाही. माल हळूहळू रस्त्यावर गेला. छोट्या गाडीत उरली ती माणसं, तीही टपावर बसलेली. गाडी इतकी सावकाश की चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येतं, असे विनोद त्या काळात घरोघर होते. आज लोक नॅरोगेजच्या आठवणी काढून हळवे होतात, इंजिनाच्या फोटोंवर उसासे टाकतात. मला त्यात सामील होता येत नाही. जो मार्ग आपल्या पेठेचा माल नेत नाही, तो कितीही गोंडस असला तरी त्याचं काम संपलेलं असतं.

म्हणून रुंदीकरण हवंच होतं. २००२ च्या सुमारास कुर्डुवाडी-पंढरपूर, २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी आणि पुढं दोन-तीन वर्षांत पंढरपूर-मिरज असे टप्पे पडत मार्ग मोठा झाला. जुना मार्ग येडशीवरून जायचा आणि जिल्ह्याचं ठिकाण असलेलं धाराशिव बाजूला पडायचं. नव्या आखणीत तेही रुळांवर आलं. ही छोटी गोष्ट नाही.

आणि मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली गाडी निघाली, दहा टाक्यांची, पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढं पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पाणी कृष्णेचं. मिरजेत जलशुद्धीकरण केंद्रापासून रेल्वे यार्डापर्यंत नळ टाकला, तिथून एकामागून एक टाक्या भरल्या. ती गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला पोचत होती. म्हणजे १९२७ मध्ये पुरा झालेला कॅलथ्रॉपचा मिरज-लातूर मार्ग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे कुठं माप बदलत नव्हतं म्हणून हे जमलं. अडीच फुटी रुळांवर पन्नास टाक्यांची गाडी स्वप्नातही आली नसती. या मार्गानं गेल्या वीस वर्षांत केलेलं सर्वांत मोठं काम कुठलं, असं विचारलं तर उत्तर एक मालगाडी आहे, हे लक्षात असू द्या.

मग रोजचा माल का नाही? इथं बहुतेक जण ट्रकवर बोट ठेवतात आणि विषय संपवतात. ट्रकचा हात आहेच. पण दुसरं कारण रेल्वेच्या आपल्या धोरणात आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. एके काळी व्यापारी एक डबा, दोन डबे मागवू शकत होता. ते डबे वाटेतल्या यार्डात सुटायचे, दुसऱ्या गाडीला जोडले जायचे, आठवडा-पंधरवड्यानं पोचायचे. १९८० च्या दशकात रेल्वेनं हा फुटकळ माल सोडायला सुरुवात केली. एका ठिकाणी भरलेली अख्खी गाडी, म्हणजे पूर्ण रेक, एकाच ठिकाणी नेऊन रिकामी करायची, हे धोरण झालं. रेल्वेच्या बाजूनं त्यात शहाणपण होतं. यार्डातला वेळ वाचला, तेवढ्याच डब्यांत जास्त कोळसा, जास्त खत, जास्त सिमेंट जाऊ लागलं. देशाच्या मालवाहतुकीला त्याचा फायदाच झाला.

पण बार्शीच्या डाळमिलवाल्याच्या जागी बसून बघा. बंद डब्यांचा जुन्या धाटणीचा पूर्ण रेक म्हणजे साधारण बेचाळीस डबे, अडीच हजार टनांच्या आसपास. पन्नास किलोचं पोतं धरलं तर पन्नास हजार पोती. ती एकाच दिवशी, एकाच गावाला पाठवायची. शिवाय डबे धक्क्याला लागले की घड्याळ सुरू होतं. ठरवून दिलेल्या तासांत भरले नाहीत तर डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड. म्हणजे शंभर ट्रक माल आधीच धक्क्यावर आणून ठेवायला हवा, त्यावर छप्पर हवं, रात्री काम करणारे हमाल हवेत, उजेड हवा. एवढी पुंजी आणि एवढा एकरकमी गिऱ्हाईक तालुक्याच्या गावात कुणाकडं असतो? वीस डब्यांच्या मिनी रेकची सोय रेल्वेनं ठेवली आहे. पण वीस डबे म्हणजेही बाराशे टन होतात.

थोडक्यात, छोट्या रुळांवर वीस टनांच्या आतला डबा मागणाऱ्याला दार उघडं होतं, मोठ्या रुळांवर हजार-बाराशे टनांच्या खाली कुणी विचारत नाही. कुर्डुवाडीच्या फळीवर मालाला हमाली पडायची, पण माल जायचा. आता फळी गेली आणि फळीपर्यंत येणारा व्यापारीही गेला. रुंदीकरणाचा यात दोष नाही. रूळ मोठे करताना ‘या पेठांचा माल किती किती मापानं निघतो’ हा प्रश्न कुणी विचारला नाही, दोष तो आहे. रेल्वेनं विचारला नाही आणि आपणही विचारायला लावला नाही.

हे अशक्य आहे का? नाही, आणि त्याचा पुरावा याच मार्गावर मिळतो. २०२० मध्ये किसान रेल सुरू झाली. त्या योजनेतली शंभरावी गाडी २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून पश्चिम बंगालातल्या शालिमारला निघाली. सांगोला म्हणजे पंढरपूर-मिरज पट्टा, जुन्या बार्शी लाईटचंच स्टेशन. या गाडीत डाळिंबं, द्राक्षं, भाजीपाला असा मिसळीचा माल घेतला, वाटेतल्या स्टेशनांवर चढवायला-उतरवायला मुभा ठेवली आणि मालाला किमान वजनाची अट घातली नाही. शेतकऱ्याच्या दहा पेट्याही गाडीत जाऊ शकत होत्या. भाड्यात निम्मी सूट होती. माणदेशातलं डाळिंब बंगालच्या बाजारात थेट जायला लागलं. पुढं सूट आटली आणि गाड्या विरळ झाल्या. म्हणजे रेल्वेला जमत नव्हतं असं नाही. छोटा माल घ्यायचा म्हणजे रेल्वेला तोशीस पडते, ती भरून काढायला कुणीतरी पैसे मोजले तोवर ते चाललं.

आता इथं खरा वाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. कुणी म्हणेल, मग सूट का द्यायची? ट्रकवाला सूट मागत नाही. यावर दोन गोष्टी. ट्रक ज्या रस्त्यावरून धावतो तो रस्ता आणि त्याची दुरुस्ती सरकारी पैशानं होते, त्याचा पूर्ण भार टोलमधून निघतो असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. दुसरी गोष्ट, सूट हा एकच मार्ग नाही. पाच-सहा पेठांचा माल एकाच धक्क्यावर गोळा करून रेक भरायचा, हे काम बाजार समित्या करू शकतात. बार्शी, धाराशिव, मुरूड, लातूर या पेठा एकाच रुळांवर आहेत. त्यांतल्या प्रत्येकीचा माल वेगवेगळा रेक भरण्याएवढा नसेल. एकत्र आला तर हंगामात होऊ शकतो. आज या समित्यांच्या बैठकांत गाळ्यांचे वाद निघतात, सेस निघतो, निवडणूक तर निघतेच. रेल्वे निघत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुंबई-पुण्याला माल जाणार असेल तर ट्रकच परवडतो, रेल्वे मधे आली की पुन्हा दोनदा हाताळणी. बरोबर आहे. मी मुंबई-पुण्याच्या मालाबद्दल बोलतच नाही. डाळीचं मोठं गिऱ्हाईक उत्तरेत, पूर्वेत आहे. कोलकाता, पाटणा, गुवाहाटी हे टप्पे दीड-दोन हजार किलोमीटरचे आणि त्याहून लांबचे. तेवढ्या अंतरावर दोनदा हाताळूनही रेल्वे स्वस्त पडायला हवी. पडत नसेल तर ती का पडत नाही हे जाहीरपणे मांडून दाखवायला भाग पाडलं पाहिजे.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. बार्शीच्या गिरण्या रेल्वेमुळं बंद पडल्या असं माझं म्हणणं नाही. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, बदललेलं कापड, व्यवस्थापन, अशी बरीच कारणं आहेत. जयशंकर मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरातल्या इतर गिरण्यांसारखीच थांबली. त्यात रुळांचा काही संबंध नाही. पण गिरणी पुन्हा सुरू करा अशी मागणी करणारे आणि मुंबईच्या गाडीला थांबा द्या अशी मागणी करणारे एकाच गावात राहतात. या गावात उद्या एखादा कारखाना आला तर त्याचा माल कुठून, कसा जाईल, हा प्रश्न दोघांच्याही निवेदनात नसतो.

लातुरात रेल्वे डब्यांचा कारखाना आला. २०१८ मध्ये पायाभरणी झाली, २०२० च्या डिसेंबरात डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. चांगलंच झालं, त्यावर नाक मुरडायचं कारण नाही. तिथंही काय बनणार तर प्रवासी डबे, हा निव्वळ योगायोग. पण या पट्ट्यात रेल्वे म्हणजे खिडकीजवळची जागा, हे समीकरण किती पक्कं झालं आहे ते त्या वेळच्या भाषणांत ऐकू येत होतं.

आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा चौऱ्याऐंशी किलोमीटरचा नवा मार्ग होतो आहे, राज्य सरकार त्याचा निम्मा खर्च उचलतं आहे. निम्मा खर्च उचलणाऱ्याला निम्मं बोलायचा हक्क असतो. तुळजापूरच्या भाविकांची सोय होईल, ती झालीच पाहिजे, पंढरपूरची १९०६ मध्ये झाली तशी. पण या मार्गावरच्या कुठल्या स्टेशनात मालधक्का असेल, तो किती लांब असेल, त्याच्यावर छप्पर असेल का, ट्रक वळायला जागा असेल का, बाजूला गोदामाला जमीन राखून ठेवली आहे का, हे प्रश्न आत्ता विचारायचे आहेत. धक्क्याची जमीन पुढं शहर वाढल्यावर मिळत नाही. ज्या आमदार-खासदारांकडं आपण थांब्याचं निवेदन घेऊन जातो, त्यांच्याच हातात पुढच्या वेळी दुसरा कागद द्यायला हवा: कुर्डुवाडी ते लातूर पट्ट्यातल्या पाच पेठांतून वर्षाला किती क्विंटल माल हजार किलोमीटरच्या पलीकडं जातो, कुठल्या महिन्यात जातो आणि त्यासाठी ट्रकला किती भाडं पडतं. हे आकडे अडतीच्या वह्यांत आहेत. कॅलथ्रॉपला ते बैलगाड्या मोजून काढावे लागले असते.